हवेवर थंड होणाऱ्या पोर्शे ९११ चे तेल पुन्हा पुन्हा गळते तेव्हा

पोर्शे ९११ च्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनातून तेल गळू लागले की बहुतेक मालक पहिल्यांदा टॅपेट कव्हरची (व्हॉल्व्हवरच्या झाकणांची) पॅकिंग बदलतात, दुसऱ्यांदा फ्लायव्हीलचे ऑइल सील बदलतात आणि तिसऱ्यांदा गॅरेज बदलतात. एवढे करूनही फरशीवरचा डाग जात नाही, कारण बदललेला भाग बहुधा गळतच नव्हता; तेल वरून कुठूनतरी ओघळून तिथवर आलेले असते. काही वेळा भाग बरोबर ओळखलेला असतो, पण ज्यामुळे जुने सील निकामी झाले ते कारण, म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मधल्या मुख्य पेटीत) साठणारा दाब, वाकलेले झाकण किंवा सैल झालेला स्टड (भाग धरून ठेवणारा आट्यांचा दांडा), जागच्या जागी राहते आणि नवे सीलही थोड्याच काळात जुन्याच्या वाटेने जाते. म्हणून या लेखात दुरुस्तीइतकीच जागा शोधकामाला दिली आहे.

९११ मध्ये हे आडवे सहा सिलिंडरचे इंजिन १९६४ पासून १९९८ पर्यंत वापरात होते. येथील सूचना प्रामुख्याने १९७८ ते १९८३ मधील ३.० लिटरची एससी आणि १९८४ ते १९८९ मधील ३.२ लिटरची कॅरेरा यांना धरून आहेत. त्याआधीच्या आणि नंतरच्या इंजिनांचे वेगळेपण जिथे महत्त्वाचे आहे, तिथे ते सांगितले आहे.

इंजिनाची रचना आणि तेलाचा मार्ग

सिलिंडर दोन्ही बाजूंना तीन-तीन असे आडवे असल्यामुळे प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक अशी दोन टॅपेट कव्हरे असतात, आणि खालच्या कव्हरवर तेल सतत पडत राहते. कॅमशाफ्टच्या घरात आलेले तेल प्रत्येक बाजूच्या दोन नळ्यांमधून क्रँककेसमध्ये परत जाते. तिथून पंप ते उचलून उजव्या मागच्या चाकाजवळच्या वेगळ्या टाकीत पाठवतो. पाण्याचा रेडिएटर नसल्याने बरीचशी उष्णता तेलालाच वाहून न्यावी लागते. त्यामुळे गाडी जोरात चालवल्यावर तेलाचे तापमान ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत जाणे साहजिक आहे. इतक्या उष्णतेत साध्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग काही वर्षांत कडक होतात आणि त्यांना चौकोनी कडा येते. जुनी ओ-रिंग काढून बोटांत वाकवताच ती मोडली, तर तिथून तेल का येत होते हे वेगळे शोधावे लागत नाही. बदलताना शक्य तिथे उष्णता सोसणाऱ्या व्हायटन रबराच्या ओ-रिंगच घ्याव्यात.

दुसरी गोष्ट गाडी उभी राहण्याविषयी आहे. गाडी अनेक आठवडे उभी राहिली की टाकीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते, तिथली पातळी एरवीपेक्षा चढते आणि जी सील चालत्या गाडीत कोरडी असतात त्यांच्यावर तेल टेकून राहते. महिनाभर झाकून ठेवलेल्या गाडीखाली रोजच्या वापरातल्या गाडीपेक्षा मोठे थारोळे दिसते, त्याचे एक कारण हे आहे. अशा वेळी लगेच इंजिन उघडायला घेऊ नये. आठवडाभर गाडी नीट गरम होईपर्यंत चालवावी आणि मगच गळती मोजावी.

पाना हातात घेण्यापूर्वी

प्रथम तेलाची पातळी योग्य रीतीने पाहावी. सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गरम करून आणि आयडलवर चालू ठेवूनच टाकीतली पट्टी वाचायची असते. थंड आणि बंद इंजिनात पट्टी कोरडी दिसते, मालक घाबरून दोन लिटर तेल ओततो आणि ते जादा तेल ब्रीदरमधून (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणाऱ्या वाटेतून) हवेच्या फिल्टरच्या डब्यात जाऊन इंजिनाच्या वरच्या भागावर सांडते. 'गळती' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांना प्रत्यक्षात एवढेच झालेले असते. पातळी दोन खुणांच्या मधोमध ठेवावी. वरच्या खुणेपर्यंत भरण्याने काहीही साधत नाही.

नंतर गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवावा आणि त्यावर चारही चाकांच्या व सायलेन्सरच्या जागा पेन्सिलने आखाव्यात. सायलेन्सरच्या वरच्या बाजूने येणारा डाग पुली किंवा टायमिंग चेनच्या झाकणांकडे बोट दाखवतो. दोन्ही बाजूंच्या हीट एक्स्चेंजरखालचा (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणाऱ्या भागाखालचा) डाग खालच्या टॅपेट कव्हरचा किंवा तेल परत नेणाऱ्या नळ्यांचा असतो. उजव्या मागच्या चाकाजवळचा डाग टाकी, तिचे होज आणि बाहेरचा थर्मोस्टॅट यांचा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली पडणाऱ्या थेंबाचा आधी वास घ्यावा, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. तो आला तर इंजिनाला हात लावण्याची गरज नाही, गिअरबॉक्सचे सील पाहावे.

तेल हीट एक्स्चेंजरवर पडत असेल तर काम लांबणीवर टाकू नये. या गाडीत आतला हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे जळक्या तेलाचा धूर थेट गाडीत येतो. आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल साचल्यास आग लागण्याचा धोका असतो.

धुणे आणि शोधणे

मळलेल्या इंजिनावर गळती शोधणे व्यर्थ आहे. गाडी जॅकवर उचलून लोखंडी स्टँडवर नीट टेकवावी आणि खालचे पत्रे काढावेत. इंजिन कोमट असताना डीग्रीझर लावून ब्रशने सांधे घासावेत आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. पंख्यात बसवलेला अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर आधी प्लास्टिकने झाकावेत. दाबाचे पाणी थेट सिलिंडरच्या फिन्सवर मारू नये, नाहीतर सुटलेला चिखल फिन्समध्येच जाऊन बसतो आणि हवा जाण्याची वाट अडवतो.

इंजिन वाळल्यावर तेलात अतिनील दिव्याखाली चमकणारे रंगद्रव्य घालावे आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी. गाडी वीस-तीस मिनिटे, तेल नीट तापेपर्यंत चालवावी. परत येताच पाहणी नेहमी वरून खाली करावी. ज्या सर्वात उंच जागी ओलसर रेषा सुरू होते, तीच गळतीची जागा. तिच्या खालचे सगळे डाग तिचेच. पंख्याची हवा वरून खाली जोराने जात असल्याने तेल पसरत जाते आणि खालची बाजू वरच्यापेक्षा नेहमी वाईट दिसते. दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि रात्रभर थांबून तिसऱ्यांदा पाहावे, कारण काही सांधे फक्त दाबाखाली गळतात, तर काही थंड होऊन धातू आकसल्यावरच पाझरतात.

दाबाची परीक्षा

एकाच वेळी तीन-चार ठिकाणी तेल दिसले तर सीलांना दोष देण्यापूर्वी क्रँककेसचा श्वास तपासावा. क्रँककेसमधली वाफ होजने टाकीत आणि टाकीतून हवेच्या फिल्टरकडे जाते. हे होज आतून चिकट मळाने भरलेले, दुमडलेले किंवा चुकीच्या जागी जोडलेले असतील तर दाब साठतो आणि तेल सर्वात कमकुवत सांध्यातून वाट काढते. तो सांधा दुरुस्त केला की त्याच्यानंतरचा कमकुवत सांधा गळू लागतो. दर वर्षी नव्या जागेवरून तेल येण्यामागे बहुतेकदा हेच असते.

एससी आणि कॅरेरामध्ये एक सोपी परीक्षा करता येते. आयडलवर चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडावे. इंजिन लगेच अडखळायला हवे. काहीच फरक पडला नाही, तर झाकणाचे रबर, एखादा होज किंवा दुसरा सांधा आधीपासूनच बाहेरची हवा आत घेत आहे असे समजावे. झाकणातून जोरात धूर फुसफुसत असेल तर पिस्टन रिंगकडे लक्ष द्यावे आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते मोजणे) करून घ्यावी. दहा टक्क्यांच्या आतली हवेची गळती निरोगी इंजिनाची मानली जाते. रिंगच झिजल्या असतील तर बाहेरची सील बदलण्यात पैसा घालवू नये.

टॅपेट कव्हर आणि रॉकरचे दांडे

गळतीची बहुसंख्य प्रकरणे इथेच सुटतात, आणि व्हॉल्व्हचे ०.१० मिलिमीटर अंतर जुळवण्यासाठी कव्हरे काढावीच लागत असल्याने दोन्ही कामे एकत्र करावीत. जुन्या इंजिनांवरची मॅग्नेशियमची खालची कव्हरे वर्षानुवर्षे जास्त आवळल्यामुळे स्टडच्या भोवती खचलेली असतात. कव्हर जाड काचेवर पालथे ठेवून काठाखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. पाती सहज आत गेली तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून कव्हर गोल फिरवत घासावे आणि सगळा काठ सारखा चमकेपर्यंत थांबू नये. जास्तच वाकलेले असेल तर घासत बसण्यापेक्षा मजबूत रिबांचे ॲल्युमिनियमचे कव्हर घ्यावे. तो खर्च वसूल होतो.

खालचे कव्हर काढल्यावर त्यात काय पडले आहे ते नीट पाहावे. कधीकधी तेलाच्या थरात एक नट आणि त्याला चिकटलेला स्टडचा तुकडा सापडतो. तो सिलिंडर हेडचा तुटलेला स्टड असतो. एससी आणि कॅरेरामध्ये डिलाव्हार नावाच्या मिश्रधातूचे खालच्या रांगेतले स्टड तुटण्याची प्रवृत्ती आहे. असा तुकडा सापडला तर पॅकिंग बाजूला ठेवावे आणि हेड उतरवण्याची तयारी करावी.

पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग तेलमुक्त करून पूर्ण कोरडे करावेत. वरचे आणि खालचे पॅकिंग वेगळे असते. त्यांची अदलाबदल करू नये. नटांखालचे वॉशर नवे घ्यावेत, कारण तेल स्टडच्या आट्यांवरूनही बाहेर येते. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आडव्यातिडव्या क्रमाने, दोन फेऱ्यांत आणि टॉर्क रेंचनेच सुमारे ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. गळती थांबवण्यासाठी आणखी आवळणे हेच पुढच्या गळतीचे कारण ठरते.

कव्हर कोरडे असूनही कॅमशाफ्टच्या घराच्या भिंतीवर गोल ओला डाग दिसत असेल, तर तेल रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेच्या) दांड्यातून येते. हे दांडे बोअरमध्ये फुगवून घट्ट बसवलेले असतात आणि टोकांवरून पाझरतात. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतील असे इंजिन फिरवून दांडा सैल करून काढावा आणि बोअर व दांडा दोन्ही स्वच्छ, कोरडे करावेत. टोकांच्या खाचांमध्ये रेसिंगच्या आरएसआर गाडीसाठी तयार झालेली छोटी रबरी सील घालावीत. दांडा मधोमध, दोन्ही टोके बोअरच्या काठापासून सारखी आत राहतील असा ठेवून १८ न्यूटन-मीटरला आवळावा. बोअरला तेल लावून दांडा बसवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे त्याची पकड सैल पडते.

तेल परत नेणाऱ्या नळ्या

या चार नळ्यांच्या दोन्ही टोकांना ओ-रिंग असतात. मूळ नळी एकसंध असल्याने इंजिन उघडल्याशिवाय ती सलग बाहेर निघत नाही, म्हणून दुकानात मिळणारी दोन भागांची सरकती नळी वापरतात. एक्झॉस्ट आणि हीट एक्स्चेंजर उतरवून जुनी नळी पक्कडीने दाबून, चेपून, तुकडे करून काढावी. बोअरच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर नवी ओ-रिंगही गळणारच. बोअर सुती फडक्याने पुसून आतून बोट फिरवावे. जुन्या रबराचा कडक कण बोटाला लागतो, तो खरवडून काढावा. नव्या ओ-रिंगना इंजिन ऑइल लावून नळी आखडलेल्या स्थितीत जागेवर आणावी, दोन्ही टोके सरकवून पूर्ण बसवावीत आणि मधली रिंग खाचेत अडकली आहे हे आरशात पाहून खात्री करावी. एक नळी गळत असेल तर चारही बदलाव्यात, कारण बाकीच्या तिघींचे वयही तेवढेच असते.

खरी अडचण नळीची नसून एक्झॉस्टच्या गंजलेल्या नटांची असते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, नट आधी तापवावा आणि मगच पाना लावावा. इथे घाई केली तर हेडमधला स्टड तुटतो आणि दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांचे होते.

वरचा कोपरा आणि फ्लायव्हीलचे सील

इनटेक मॅनिफोल्डखाली, फ्लायव्हीलच्या बाजूला क्रँककेसच्या माथ्यावर ब्रीदरचे झाकण, तेलाच्या दाबाचा स्विच, थर्मोस्टॅटची ओ-रिंग आणि तेलाच्या कूलरची सील अशा चार जागा जवळजवळ आहेत. यांपैकी एकही पाझरली तर तेल केसच्या उतारावरून फ्लायव्हीलच्या बाजूने खाली येते आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यावर थेंब धरते. तो थेंब पाहून फ्लायव्हीलच्या सीलचा निष्कर्ष काढला जातो, इंजिन उतरवले जाते, सील बदलले जाते आणि पहिल्याच फेरीनंतर थेंब पुन्हा हजर होतो. या इंजिनातल्या गळतीच्या निदानातली सर्वात महागडी चूक हीच आहे.

म्हणून सांध्याखाली तेल दिसले की आधी छोट्या कॅमेऱ्याने किंवा आरसा आणि दिवा घेऊन वरचा कोपरा पाहावा. तिथे तेलाचे तळे साचलेले असेल तर फ्लायव्हीलच्या सीलवर शंका घेण्याचे कारण राहत नाही. दाबाच्या स्विचमधून, त्याच्या प्लास्टिक आणि धातूच्या जोडावरून तेल येणे फार सामान्य आहे आणि तो भाग स्वस्त आहे. मात्र तिथवर हात पोहोचण्यासाठी इंजिन थोडे खाली उतरवावे लागते. त्यामुळे ज्या दिवशी ते उतरवले जाईल त्या दिवशी चारही ठिकाणचे पॅकिंग, ओ-रिंग आणि स्विच एकदमच बदलावेत.

फ्लायव्हीलचे सील खरोखर गळत असल्याची खात्री झाल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरवून ते बदलावे. जुने सील उपटताना क्रँकशाफ्टच्या पृष्ठभागाला स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नये. नवे सील सगळीकडून सारखे आत गेले पाहिजे. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त खोल गेले तरी ते तिरके चालते आणि लवकर गळते. फ्लायव्हीलचे बोल्ट नेहमी नवे वापरावेत. एससी आणि कॅरेरामध्ये ते नऊ असून ९० न्यूटन-मीटरला आवळतात.

उरलेल्या जागा

टायमिंग चेनच्या झाकणांची पॅकिंग आणि कॅमशाफ्टला तेल नेणाऱ्या नळीचे तांब्याचे वॉशर सायलेन्सर उतरवून बदलता येतात. वॉशर एकदा आवळला की चेपतो, तो पुन्हा वापरू नये. पुलीकडच्या टोकाला क्रँकशाफ्टवरचे सील बाहेरून बदलता येते, पण त्याच्याभोवतीच्या बेअरिंगची मोठी ओ-रिंग केस उघडल्याशिवाय बदलता येत नाही. दोन्हीमधला फरक पुली काढून, रंगद्रव्याच्या दिव्यात पाहिल्यावर कळतो. टाकीचे होज आणि नळ्या तपासताना त्यांचे मोठे नट नेहमी दोन पान्यांनी, एकाने नळी धरून आणि दुसऱ्याने नट फिरवून सोडवावेत. नाहीतर नळीच पिळून निघते आणि नवी नळी पॅकिंगच्या कित्येक पट महाग असते.

क्रँककेसच्या दोन भागांना जोडणाऱ्या लांब बोल्टांच्या नटांखालूनही तेल येते. जे नट बाहेरून हाताला लागतात ते एका वेळी एकच काढून, खालची ओ-रिंग आणि वॉशर बदलून, ३५ न्यूटन-मीटरला पुन्हा आवळता येतात. पण केसच्या जोडरेषेतून किंवा सिलिंडरच्या बुडातून तेल येत असेल तर बाहेरून केलेला कोणताही लेप टिकत नाही. बाहेरून सिलिकॉन फासणे टाळावेच. सांध्यातून आत शिरलेल्या सिलिकॉनचे सुटे तुकडे कॅमशाफ्टवर तेल शिंपडणाऱ्या नळीच्या बारीक छिद्रांत अडकतात, आणि तेव्हा थेंबाच्या बदल्यात कॅमशाफ्टच बदलावा लागतो. केस उघडून जोडायची वेळ आली तर लॉकटाइट ५७४ सारखे हवेच्या संपर्काशिवाय घट्ट होणारे सीलंट पातळ थरात वापरतात.

१९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनांना इथे वेगळा इशारा द्यावा लागतो. त्यांची केस मॅग्नेशियमची असून हेडचे स्टड तिच्या मऊ आट्यांमधून वर खेचले जातात. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्यांवर असलेल्या थर्मल रिॲक्टरमुळे (एक्झॉस्टमधले प्रदूषक जाळणाऱ्या भागामुळे) हेडखालची उष्णता आणखी वाढत असे, त्यामुळे त्या गाड्यांत हे जास्त आढळते. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी अशी गाडी विकत घेताना केसमध्ये धातूचे इन्सर्ट बसवल्याची पावती मागावी. १९८९ ते १९९१ दरम्यानच्या ९६४ मालिकेच्या सुरुवातीच्या ३.६ लिटर इंजिनांत सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये वेगळे सील नव्हते आणि तिथून तेल येत असे. नंतर रचना बदलण्यात आली. अशा गाडीत हेड उतरवण्याशिवाय इलाज नसतो.

पुन्हा सुरू करताना

सगळे जोडून झाल्यावर टाकीत सुमारे नऊ लिटर तेल घालावे. एकूण क्षमता यापेक्षा जास्त असली तरी कूलर आणि नळ्यांमध्ये काही तेल उरलेले असते, आणि जादा भरल्यावर काढण्यापेक्षा कमी भरून वाढवणे सोपे असते. इंधन पंपाचा रिले काढून, दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा आणि मग इंजिन सुरू करावे. तेल तापल्यावर पातळी वर सांगितल्याप्रमाणे पाहून उरलेले थोडे थोडे घालावे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट कव्हरचे नट टॉर्क रेंचने एकदा तपासावेत आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

पुठ्ठा मात्र लगेच काढू नये. हीट एक्स्चेंजरच्या खाचांत आणि पत्र्यांमागे राहिलेले जुने तेल पहिले काही दिवस उतरत राहते, आणि नव्या सीलला नाहक दोष लागतो. दोनतीनदा गाडी नीट गरम केल्यावर खालची बाजू पुन्हा पुसून पुठ्ठा बदलावा. रात्रभरात एखादा थेंब पडत असेल तर या वयाच्या इंजिनात तो चालतो, असे अनुभवी कारागीरही मान्य करतात. दर रात्री डाग मोठा होत असेल तर अतिनील दिवा पुन्हा काढावा. रंगद्रव्य पुढच्या तेलबदलापर्यंत तेलात राहते, त्यामुळे ते नव्याने घालावे लागत नाही. फक्त आधीचे सगळे डाग पुसलेले असले पाहिजेत, नाहीतर जुनी आणि नवी गळती त्या दिव्यात सारखीच चमकते.